दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर

आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत हे पत्र वाचले जाते. परंतु मराठीत वर्तमानपत्राची वाट प्रथम कोणी पाडली, हे वाचकांनी जाणावे असे आम्हांस वाटते.

कोकणातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ता. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत असे. त्या काळी आमच्या चांदुरास आगगाडी नव्हती; वाचणारे थोडे, वर्गणीदार त्याहूनही थोडे. तरी सुमारे आठ वर्षे ते पत्र चालले. १८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केले.

१८४३ साली नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या आश्रयास राहिला होता. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. पण मुलगा बाटला म्हणून जातीने दार लावले. प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे, अशी खटपट शास्त्रीबुवांनी केली व स्वजातीचा रोष ओढवून घेतला.

श्रीपताने मंडळीतून परतावे, हा त्यांचा हेतू आम्हांस कसा रुचावा? तथापि वाळीत पडण्याचे दुःख आमच्या पुष्कळ घरांस ठाऊक आहे. एका लेकराकरिता स्वजनांचा राग सोसणाऱ्या पुरुषास आम्ही मान न द्यावा काय?

१८४६ साली, ऐन तारुण्यात, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लावलेला दिवा मात्र विझला नाही. ज्या उपदेशकबंधूंस वाचता येते, त्यांनी निरक्षर शेजाऱ्यास वाचून दाखवावे. हेच त्यांचे खरे स्मरण होय.