डॉ. वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९८ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात प्लेगने थैमान घातले. त्या वेळी हुबळी व धारवाड येथील हजारो नागरिकांनी जी लस टोचून घेतली, तिचे जनक डॉ. वाल्डेमार हाफकिन हे परागंदा झालेले एक ज्यू शास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी मेचनिकॉफ यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. १८८१ साली ज्यू वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा स्वजनांच्या रक्षणासाठी ते पुढे सरसावले व त्यांना अटक झाली. पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याखेरीज विद्यापीठात अध्यापकपद मिळेना. धर्मांतरास त्यांनी ठाम नकार दिला आणि १८८८ मध्ये मायदेश सोडून ते जिनिव्हास गेले. पुढल्याच वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे जागा रिकामी होती ती साहाय्यक ग्रंथपालाची. त्यात कमीपणा न मानता त्यांनी ती पत्करली आणि ग्रंथालयातील कामातून उरणारा वेळ प्रयोगशाळेत वेचला. त्या साधनेतून पटकीची लस सिद्ध झाली. १८९२ मध्ये ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली व १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत अहोरात्र खपून त्यांनी त्यावरील लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी तिचाही पहिला प्रयोग स्वतःच्याच देहावर केला.

परंतु १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि सारा दोष हाफकिन यांच्या माथी आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः ते सर्व एकाच बाटलीतील लस टोचलेले होते. ती बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. सर रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. मात्र परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना पुन्हा लाभले नाही. उर्वरित सेवा त्यांनी कलकत्त्यास केली.

१९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे अविवाहित हाफकिन यांचे निधन झाले. ज्या धर्मासाठी त्यांनी मायदेश सोडला, त्याच्या पूर्व युरोपातील पाठशाळांना त्यांनी आपली संपत्ती अर्पण केली. आणि ज्या देशात त्यांना कलंक सोसावा लागला, त्याला असंख्यांचे प्राण वाचविणारी विद्या देऊन ठेवली.