विश्लेषण : आजारपणाचा हप्ता कोणी भरायचा? ना. म. जोशींनी लावून धरलेला प्रश्न आजही का कायम?

सार्वजनिक बँकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी २०१५च्या वेतन करारानंतर गट आरोग्य विमा आला, पण त्याचा हप्ता त्यांनी स्वत:च भरायचा असे ठरले. तेव्हापासून हप्ता वाढत गेला. मूळ निवृत्तिवेतन मात्र निवृत्तीच्या दिवशी ठरले तेवढेच राहिले. मुंबई महापालिकेने कर्मचाऱ्यांसाठी २०१५ मध्ये सुरू केलेली गटविमा योजना २०१७ मध्ये बंद पडली. वेतन वाढत नाही आणि उपचार परवडत नाहीत, या दुहेरी कोंडीवर संघटनांची निवेदने आणि धरणी सुरू असतात. या प्रश्नाची उत्तरे शोधण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या नारायण मल्हार जोशी यांचे नाव लोअर परळच्या रस्त्याला आहे. त्यांच्या कामाविषयी…

ना. म. जोशी कोण होते?

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. शिक्षण पुण्यात झाले. पदवीनंतर त्यांनी काही वर्षे शाळांमध्ये शिकवले आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. समाजाची मुंबईतील वास्तू गिरगावात सँडहर्स्ट रोडवर होती. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. परळचे दामोदर हॉल हे या संस्थेचे ठिकाण गिरणगावाला परिचित आहे. १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी बैठक बोलावली, ती याच सभागृहात.

परळ-लालबागमध्ये त्यांना काय दिसले?

लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतसंस्था चालवल्या. या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कामगार आजारी पडला की एकाच वेळी दोन फटके बसत. खाडा पडल्याने मजुरी बुडे आणि औषधपाण्याचा खर्च अंगावर येई. मग सावकार गाठावा लागे, नाहीतर गावची वाट धरावी लागे. दवाखाना मोफत असला तरी बुडालेला रोज तो भरून देऊ शकत नव्हता. सेवाकार्याची ही मर्यादा ओळखून जोशी संघटना आणि कायदा या दोन मार्गांकडे वळले.

कायदेमंडळात त्यांनी काय मिळवले?

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची (आयटक) स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि संस्थापकांत जोशी होते. १९२१ पासून १९४७ पर्यंत ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य होते. मद्रासमधील गिरणी मालकांनी संपाबद्दल संघटनेच्या नेत्यांना न्यायालयात खेचले होते. त्यानंतर संघटनांना कायदेशीर संरक्षण द्यावे, असा ठराव जोशींनी १९२१ मध्ये मांडला. त्यातूनच पुढे १९२६चा कामगार संघटना कायदा झाला.

प्रत्येक वेळी यश आले नाही. बाळंतपणाच्या काळात स्त्री कामगारांना भत्ता मिळावा, यासाठी १९२४ मध्ये त्यांनी आणलेले विधेयक फेटाळले गेले. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये असा कायदा केला.

आजारपणाच्या विम्याचे काय झाले?

१९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने आजारपणाच्या विम्याविषयी करार संमत केले. भारत सरकारने ते स्वीकारले नाहीत. कामगार गावाकडे ये-जा करतात, डॉक्टर पुरेसे नाहीत, पैसा नाही, ही कारणे दिली गेली. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमला गेला आणि जोशी त्याचे सदस्य झाले.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. ब्रिटिशांच्या आयोगावर बहिष्कार टाकावा, असे आयटकमधील डाव्या गटाचे म्हणणे होते. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात यावरून फूट पडली. चार वर्षे सरचिटणीस असलेले जोशी आपणच उभ्या केलेल्या संघटनेतून सहकाऱ्यांसह बाहेर पडले. संपातून मिळालेला हक्क कायद्यात उतरला नाही तर टिकत नाही, असा त्यांच्या एकूण कामाचा रोख होता. विरोधकांना ती तडजोड वाटे. १९३१ च्या अहवालात आयोगाने आजारपणाचे आकडे गोळा करून विम्याची योजना आखावी, असे सुचवले. पण ती शिफारस बरीच वर्षे कागदावरच राहिली. दुभंगलेल्या संघटना १९४० पर्यंत पुन्हा एकत्र आल्या आणि जोशी आयटकचे पुन्हा सरचिटणीस झाले.

सरकारी कर्मचाऱ्यांशी त्यांचा संबंध कसा आला?

दुसऱ्या महायुद्धात महागाई भडकली, पण पगार त्या वेगाने वाढले नाहीत. सरकारी कर्मचाऱ्यांमधील असंतोषाच्या पार्श्वभूमीवर मे १९४६ मध्ये न्या. वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला. जोशी त्याचे सदस्य होते. आयोगाचे काम चालू असतानाच जुलैमध्ये टपाल कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. १९४७ च्या अहवालाने किमान मूळ वेतन ३० रुपये आणि त्यावर २५ रुपये महागाई भत्ता, असे ५५ रुपये सुचवले. सरकारी नोकराचा पगार जगण्याच्या खर्चाशी जोडला पाहिजे, हे तत्त्व यातून मान्य झाले. पुढच्या प्रत्येक वेतन आयोगासमोर कर्मचारी संघटनांनी याच तत्त्वाचा आधार घेतला.

विमा योजना अखेर कशी उभी राहिली?

व्हाइसरॉयच्या मंडळात डॉ. आंबेडकर कामगार सदस्य असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे आरोग्य विम्याचा आराखडा तयार करण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेतील. ३० मे १९५५ रोजी जोशी यांचे मुंबईत निधन झाले.

या योजनेत वर्गणी पगाराच्या प्रमाणात ठरते. सध्या मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, तर वैद्यकीय खर्चाचा आठवा भाग ठरावीक मर्यादेत राज्य सरकार उचलते. वय वाढले किंवा आजार जडला म्हणून वर्गणी वाढत नाही. आजारपणाच्या रजेत रोख भत्ताही मिळतो.

मग आजचा पेच कुठे आहे?

ईएसआयला वेतनमर्यादा आहे. २०१७ पासून ती दरमहा २१ हजार रुपये आहे. तेवढ्याच किंवा अधिक चांगल्या सुविधा असलेल्या सरकारी आस्थापना या कायद्याबाहेर राहू शकतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९५४ पासून वेगळी आरोग्य योजना आहे. या दोन्हींच्या बाहेर राहिलेल्यांची भिस्त गटविम्यावर असते.

गटविम्याचे गणित वेगळे आहे. गटातील लोकांचे वय आणि मागील वर्षीचे दावे पाहून पुढच्या वर्षीचा हप्ता ठरतो. गटात फक्त निवृत्त लोक असतील तर दावे दरवर्षी वाढणारच आणि त्यामागोमाग हप्ताही. तो परवडेना झाला की काही जण योजना सोडतात. मागे प्रामुख्याने उपचारांची गरज असलेलेच राहतात आणि हप्ता आणखी चढतो. त्यामुळे केवळ हप्त्यात सवलत मागून हा प्रश्न सुटत नाही. तरुण व निवृत्त एकाच गटात असावेत का, हप्ता निवृत्तिवेतनाच्या टक्केवारीत बसवावा का आणि संस्थेने किती वाटा उचलावा, हे कळीचे मुद्दे आहेत. जोशींच्या पिढीने आजारपणाचा भार एकट्या आजारी माणसावर पडू नये, एवढे कायद्यात आणले. निवृत्तांपर्यंत ते पोहोचवायचे काम अजून बाकी आहे.