राघोबादादा आणि शिपायांची थकलेली तलब

अटकेपार झेंडे नेणारे राघोबादादा आपणां सर्वांस इतिहासाच्या पुस्तकातून परिचित आहेत. परंतु तलबेचा, म्हणजे शिपायांच्या पगाराचा, जो प्रश्न त्यांच्या पाठीस जन्मभर लागला, तो सहसा कोणी सांगत नाही. आपल्या सुरत शहराशी त्यांचा संबंध आला तोही त्यातूनच.

नानासाहेब पेशव्यांचे हे धाकटे बंधू १७३४ साली जन्मले. १७५८ मध्ये त्यांनी लाहोर घेतले. पराक्रम मोठा खरा. पण मोहिमेने खजिना भरण्याऐवजी सुमारे ८० लाख रुपयांचे कर्ज घरी आले आणि सदाशिवरावभाऊंनी त्याचा जाब विचारला.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पगार थकल्याचा गिल्ला करीत गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे मारले गेले. पुतण्यास धरण्यासाठी गारद्यांना द्रव्याचे आमिष दादांनीच दाखविले होते. दादा पेशवे झाले, तेव्हा त्याच गारद्यांनी ठरल्या रकमेसाठी तगादा लावला. रामशास्त्र्यांनी दादांना दोषी ठरविले व बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध शस्त्र उपसले.

फेब्रुवारी १७७५ मध्ये पराभूत होऊन दादा खंबायत व भावनगरमार्गे समुद्रातून सुरतेस आले. येथील तापीकाठचा किल्ला १७५९ पासून इंग्रजांकडे होता. मार्चमध्ये तह झाला. इंग्रजांनी २,५०० फौज द्यावी. दादांनी तिच्या खर्चास दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, तारण म्हणून ६ लाखांचे जवाहीर ठेवावे आणि साष्टी व वसई सोडावी. स्वतःच्या शिपायांची तलब ज्यांच्याने भागत नव्हती, त्यांनी परक्या फौजेच्या खर्चाची हमी घ्यावी, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे!

१८ मे रोजी आणंदजवळ अडास येथे हरिपंत फडक्यांच्या सैन्याशी घनघोर लढाई झाली. इंग्रज सेनापती कीटिंग यांस पावसाळ्यापूर्वी पुणे गाठावयाचे होते. पण दादांचेच शिपाई नर्मदाकाठी अडून बसले. मागील बाकी हाती पडल्याखेरीज नदी ओलांडणार नाही, असे त्यांनी साफ सांगितले. त्यांचे तरी काय चुकले? घरी बायकामुले त्याच पैशाची वाट पाहत होती. पुण्याची वाट तेथेच खुंटली.

पुढे १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने दादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ते कोपरगावी राहू लागले व १७८३ साली तेथेच वारले.