संत कॅमिलस : चर्चच्या दारात उभा असलेला सैनिक



येत्या १४ जुलैला ख्रिस्तसभा संत कॅमिलस दे लेल्लिस यांचा सण साजरा करते. रुग्णांचे, रुग्णालयांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून आपण त्यांना ओळखतो. चित्रांत ते कोणा आजाऱ्याला सावरताना दिसतात, छातीवर तांबडा क्रूस असतो. परंतु एके काळी हेच कॅमिलस फाटक्या कपड्यांत दुसऱ्यांच्या दारात उभे होते. त्या दिवसांचे चित्र आमच्या तरी पाहण्यात आलेले नाही. आज आम्हाला लिहायचे आहे ते त्या दिवसांविषयी.

कॅमिलसचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको या गावी झाला. आई तेव्हा उतारवयाची होती. वडील पेशाने सैनिक, त्यामुळे बहुतेक काळ घराबाहेर. मुलगा दांडगा, तापट आणि पुढे उंचीने सुमारे साडेसहा फूट झालेला. तो जेमतेम तेरा वर्षांचा असताना आई देवाघरी गेली. तरुणपणी तो वडिलांबरोबर लष्करात भरती व्हायला निघाला, पण वडीलही वारले. बापाकडून त्याच्याकडे आला तो शिपाईपेशा आणि जुगाराचा नाद.

त्याच सुमारास त्याच्या पायाला घोट्याजवळ जखम झाली. ती जन्मभर, म्हणजे सुमारे ४६ वर्षे, पूर्ण बरी अशी कधी झालीच नाही. १५७१ साली तो रोममधील सान जाकोमो या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात गेला. तिथे उपचार घ्यायचे आणि नोकर म्हणून राबायचे, असे ठरले होते. पण त्याचे भांडणतंटे आणि पत्ते काही सुटेनात, तेव्हा रुग्णालयाने त्याला काढून टाकले. मग तो आधी व्हेनिसच्या आणि नंतर स्पेनच्या पगारावर तुर्कांविरुद्ध लढायला गेला. १५७४ साली फौज मोडली आणि तो नेपल्सला परतला. तिथे तलवार, बंदूक, अंगरखा आणि शेवटी अंगातला सदरासुद्धा तो जुगारात हरला.

३० नोव्हेंबर १५७४, संत आंद्रेयाचा सण. मान्फ्रेदोनिया या समुद्रकाठच्या गावात चर्चच्या दारापाशी हा चोवीस वर्षांचा उंचनिंच शिपाई टोपी पुढे धरून उभा होता. घर नाही, आईबाप नाहीत, पायाला जखम आणि वर हिवाळा आलेला. मिस्सेला आलेल्या आंतोनियो दी निकास्त्रो नावाच्या गृहस्थांचे त्याच्याकडे लक्ष गेले. गावात कॅपुचिन व्रतस्थांचा मठ बांधण्याचे काम चालू होते आणि त्याची व्यवस्था या गृहस्थांकडे होती. त्यांनी त्याला नुसते नाणे दिले नाही. काम करशील का, असे विचारले.

कॅमिलसने काय करावे? सोबत्याला विचारून सांगतो म्हणाला. सोबती तिबेरियो हादेखील त्याच्यासारखाच बेकार शिपाई. तो हसला, आणि दोघे बार्लेत्ताच्या वाटेला लागले.

या ठिकाणी आम्ही नेहमी थबकतो. उपाशी माणसाने दोन वेळचे जेवण का नाकारावे? आळस म्हणून सोडून देता येईल, पण आम्हाला ते पटत नाही. भिकेचे नाणे देणारा पुढे निघून जातो आणि घेणाराही. दोघांना एकमेकांचे नाव विचारावे लागत नाही. काम देणारा मात्र उद्या सकाळी पुन्हा भेटणार. आपली लंगड त्याला दिसणार, आपण कुठून कसे आलो हे तो विचारणार. काल तलवार बाळगणाऱ्याला आज गाढवामागून चालताना गाव बघणार. हात पसरताना कॅमिलसला लाज वाटत होती यात शंका नाही, पण कुणी हात धरू पाहिला की माणसाला त्याहून अधिक लाज वाटते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटल वाचला. थोर मनाच्या माणसाला उपकार करायला आवडते आणि उपकार घ्यायला शरम वाटते, असे त्याचे निरीक्षण आहे. तेव्हा आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले. पुढे पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर घेऊन जाऊ लागलो तेव्हा ते डोळ्यांनी पाहिले. एक आजोबा आहेत. शेजारीण रोज त्यांना डबा पाठवते. रिकामा डबा परत करू नये ही आपली चांगली रीत, म्हणून ते त्यात साखर घालून पाठवतात. डबा लहान आणि साखर मात्र दिवसेंदिवस वाढत चालली आहे, असे त्या बाई आम्हाला हसत हसत सांगत होत्या. हसू आम्हालाही आले, पण आजोबांना ती फेड किती जड जात असेल हेही जाणवले.

बार्लेत्ताच्या वाटेवर कॅमिलसच्या मनात काय चालले होते ते देवाला ठाऊक. पण तो अर्ध्या वाटेतून फिरला, सोबत्याला सोडून मान्फ्रेदोनियाला परत आला आणि काम मागितले. दोन गाढवे त्याच्या हवाली झाली. त्यांच्यावर दगड, चुना आणि पाणी वाहायचे. गावातली पोरे त्याच्या अवताराला हसत. परत पळून जावे असे त्याला अनेकदा वाटले, तरी तो राहिला.

दोन महिन्यांनी त्याला काही कामासाठी डोंगरावरच्या सान जोव्हानी रोतोंदो येथील मठात पाठवण्यात आले. आपल्यापैकी अनेकांची संत पाद्रे पियो यांच्यावर भक्ती आहे. त्यांनी पुढे विसाव्या शतकात जिथे आयुष्य घालवले तेच हे गाव. तिथल्या फादर आंजेलो यांनी कॅमिलसला बाजूला घेऊन देवाविषयी चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, मेणबत्त्यांच्या सणाला, परतीच्या खडकाळ वाटेवर तो गाढवावरून उतरला आणि दगडांवर गुडघे टेकून रडला. तिथून त्याचे आयुष्य बदलले.

कॅपुचिन होण्याची त्यांची फार इच्छा होती. पण झग्याच्या घासण्याने जखम पुन्हा उघडली आणि मठाला त्यांना परत पाठवावे लागले. एकदा नव्हे, दोनदा. मग ज्या रुग्णालयाने पूर्वी त्यांना काढून टाकले होते, त्याच सान जाकोमोच्या दारात ते पुन्हा गेले. त्या लोकांनी त्यांना आत घेतले आणि पुढे सारा कारभार त्यांच्या हाती दिला. बत्तिसाव्या वर्षी ते लॅटिन शिकायला लहान मुलांबरोबर वर्गात बसले. गुरुदीक्षेसाठी उदरनिर्वाहाची काही तरतूद दाखवावी लागे. तीही रोममधील एका सद्गृहस्थाने करून दिली. १५८४ साली कॅमिलस धर्मगुरू झाले ते असे, इतरांनी दिलेले एकेक घेत घेत.

पुढचा इतिहास आपण थोडक्यात पाहू. त्या काळी रुग्णालयांतले नोकर पोटार्थी असत आणि रुग्णांचे हाल कुत्रा खात नसे. पगारासाठी नव्हे तर प्रीतीसाठी सेवा करणारी माणसे त्यांनी जमवली. १५८६ साली परमगुरूंनी या संघाला मान्यता दिली आणि झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगीही दिली. (पुष्कळांना वाटते तसा रेड क्रॉस संस्थेच्या चिन्हाशी याचा संबंध नाही. ते १८६३ सालचे.) १५९५ साली त्यांचे काही बंधू हंगेरीच्या रणभूमीवर जखमी सैनिकांच्या सेवेला गेले. तेही तुर्कांविरुद्धचेच युद्ध होते. रुग्ण हे आपले धनी आहेत, असे कॅमिलस आपल्या माणसांना शिकवत.

त्यांच्याविषयीची एक गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. अखेरच्या आजारात त्यांना उभेही राहता येत नव्हते. तरी स्वतःची शुश्रूषा ते कोणाला करू देईनात. बंधूंना ते इतर रुग्णांकडे पिटाळत आणि रात्री अंथरुणातून उतरून, खाटांना धरून, सरपटत दुसऱ्या आजाऱ्यांची विचारपूस करायला जात. चरित्रकार हा त्यांचा सद्गुण मानतात आणि तो आहेच. पण आम्हाला त्यात बार्लेत्ताच्या वाटेवरचा तो शिपाईही थोडासा दिसतो. शेवटी त्यांना ख्रिस्तशरीर आणि तैलाभ्यंग दुसऱ्याच्या हातूनच घ्यावे लागले. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते प्रभूच्या घरी गेले. १७४६ साली त्यांना संतपद मिळाले.

त्यांच्या सणाच्या दिवशी सायंकाळच्या मिस्सेत आपल्या चर्चमध्ये आजारी व वयस्कर धर्मग्रामस्थांना तैलाभ्यंग देण्यात येईल. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी येऊ. नावे सॅक्रिस्टीत द्यावीत. आणायला रिक्षा लागणार असेल तर तेही सांगावे. धर्मग्रामातील काही तरुणांनी आपणहून नावे दिली आहेत आणि अजून त्यांना कोणी बोलावलेले नाही.

आपले धर्मगुरू