आडोशातला वेग : जोझे मेफ्रे

सपाट रस्त्यावर सायकल जोराने चालवू लागले की थोड्याच वेळात पायांतील शक्ती अपुरी पडू लागते. याचे मुख्य कारण समोरची हवा हे होय. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती तर आठपट होते. म्हणूनच कसलेला सायकलपटूही सपाटीवर एकट्याने ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासच फार वेळ धावू शकतो. मात्र पुढे एखादे मोठे वाहन असले, तर ते हवा बाजूला सारत जाते आणि त्याच्या पाठीमागे शांत हवेचा एक आडोसा तयार होतो. त्या आडोशात राहणाऱ्या सायकलस्वाराला कितीतरी अधिक वेग गाठता येतो.

अमेरिकेतील चार्ल्स मर्फी यांनी १८९९ साली हे आगगाडीच्या मागे धावून दाखविले. रुळांच्या मधोमध फळ्या अंथरून त्यांच्यासाठी खास वाट तयार केली होती. शेवटच्या डब्यामागे राहून त्यांनी एक मैल ५७.८ सेकंदांत पार केला. पुढे १९४१ साली आल्फ्रेड लेतूर्नेर यांनी कॅलिफोर्नियात मोटारीमागे ताशी १७५ किलोमीटरचा वेग गाठला. हा विक्रम मोडण्याचा ध्यास ज्याने घेतला, तो फ्रान्समधील किरकोळ शरीरयष्टीचा, गरिबीत वाढलेला एक सायकलपटू होता.

जोझे मेफ्रे यांचा जन्म १९१३ साली दक्षिण फ्रान्समध्ये झाला. वयाच्या अकराव्या वर्षीच ते पोरके झाले. सायकल शर्यतींचे त्यांना विलक्षण वेड होते. परंतु रस्त्यावरील नेहमीच्या शर्यतींत त्यांना फारसे यश मिळाले नाही. टूर द फ्रान्स ही प्रसिद्ध शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी या तरुणाला मोटारीमागे धावण्याच्या प्रकाराकडे वळण्याचा सल्ला दिला. तो मेफ्रे यांना मानवला. पुढच्या गाडीपासून अगदी थोड्या अंतरावर राहणे, मागे न पडणे आणि गाडीला धडकूही न देणे, यासाठी पायांतील जोराइतकेच चित्त स्थिर असावे लागते. ही स्थिरता मेफ्रे यांच्यापाशी होती. १९५१ साली त्यांनी लेतूर्नेर यांच्या वेगाला अगदी थोड्या फरकाने मागे टाकले.

पुढच्याच वर्षी पॅरिसजवळच्या मोंलेरी येथील धावपट्टीवर भरधाव वेगात असताना ते कोसळले. कवटीला अनेक ठिकाणी तडे गेले. ते वाचतील अशी आशा फार थोड्यांना होती. मृत्यूच्या दारातून परत आल्यावर विश्रांतीसाठी ते काही काळ सेत-फों येथील ख्रिस्ती साधूंच्या मठात जाऊन राहिले. एखाद्याने या अनुभवानंतर सायकल कायमची भिंतीला टेकवून ठेवली असती, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. मेफ्रे मात्र पुन्हा वेगाकडे वळले. १९६१ साली जर्मनीतील लार येथे त्यांनी ताशी १८६ किलोमीटरचा पल्ला गाठला. आता ताशी दोनशे किलोमीटर हे लक्ष्य त्यांना खुणावू लागले.

या वेगासाठी बाजारात मिळणारी कोणतीही सायकल उपयोगी नव्हती. कारण समजण्यास सोपे आहे. आपल्या रोजच्या सायकलचे पायडल एकदा पूर्ण फिरले की सायकल साधारण पाच ते सहा मीटर पुढे जाते. ताशी दोनशे किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५६ मीटर. साध्या सायकलवर हा वेग गाठायचा, तर पाय सेकंदाला नऊ-दहा वेळा फिरवावे लागतील आणि ते कोणत्याही माणसाला शक्य नाही. तेव्हा एका फेरीत सायकल कितीतरी अधिक अंतर जाईल अशी रचना करणे भाग होते. मेफ्रे यांच्या सायकलच्या पुढच्या दातेरी चाकाला, म्हणजे चेनव्हीलला, तब्बल १३० दाते होते आणि मागच्या चाकावरील दातेरी चकतीला अवघे १५. पायडल एकदा फिरले की मागचे चाक साडेआठ वेळांहून अधिक फिरे आणि सायकल जवळजवळ अठरा मीटर पुढे जाई. अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाचे ते चेनव्हील दुरून पाहणाऱ्याला सायकलचे तिसरे चाकच वाटावे. पायडल ज्या वर्तुळात फिरतात, त्या वर्तुळापेक्षाही ते मोठे होते.

परंतु एक गोष्ट साधली की दुसरी हातची जाते. एवढ्या मोठ्या दातेरी चाकामुळे सायकल जागेवरून हलविणेच अवघड झाले. ज्यांनी चढावर सर्वांत जड गिअर टाकून पाहिला असेल, त्यांना याची थोडीफार कल्पना येईल. म्हणून सुरुवातीला बाहेरून ढकलून सायकलला वेग द्यावा लागे; पायडलला पायांची पकड बसे ती त्यानंतरच. ताशी दोनशे किलोमीटर धावण्यासाठी बांधलेली ही सायकल बाजारातून भाजी आणण्याच्याही कामाची नव्हती.

चाकांचा विचार याहून नाजूक होता. शर्यतीच्या सायकलचे टायर तेव्हा रिमवर डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेले असत. अतिवेगात घर्षणाने टायर तापतात. रिम धातूची असेल, तर तीही तापते, चिकटविलेला थर मऊ पडतो आणि टायर सुटून येण्याची भीती असते. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात टायर सुटला, तर पुढचे काय ते सांगायला नको. लाकडातून उष्णता सहजासहजी वाहत नाही. म्हणून मेफ्रे यांनी लाकडी रिम वापरल्या. नव्या विक्रमासाठी त्यांनी जुन्या काळातील वस्तू निवडली, हे वरवर पाहता विचित्र वाटते. पण त्यामागे अनुभवाचा पक्का आधार होता.

सायकलचे वजनही लक्षात घेण्याजोगे आहे. शर्यतीची सायकल जितकी हलकी तितकी चांगली, असा सर्वसाधारण नियम. मेफ्रे यांची सायकल मात्र वीस किलोग्रॅमच्या घरात होती. सपाट रस्त्यावर एकदा वेग आला की वजनाचा त्रास फारसा जाणवत नाही. उलट, सांगाडा थोडाही लवचीक असता, तर एवढ्या वेगात सायकल थरथरू लागली असती. येथे हलकेपणापेक्षा भक्कमपणाला अधिक मोल होते.

१९ जुलै १९६२ रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराजवळ महामार्गाचा एक भाग या प्रयत्नासाठी मोकळा ठेवण्यात आला. पुढे धावणारी गाडी मर्सिडीज ३०० एस. एल. होती. तिच्या मागच्या बाजूला वारा अडविणारा एक रुंद पडदा बसविला होता. मेफ्रे यांचे वय तेव्हा ४९ वर्षांचे होते. त्यांच्या खिशात एक चिठ्ठी होती. अपघातात आपला अंत झाला, तर कोणीही हळहळू नये आणि जेथे आपण पडू तेथेच रस्त्याच्या कडेला आपल्याला पुरावे, अशी विनंती त्यांनी तिच्यात लिहून ठेवली होती.

मोटारीचा वेग हळूहळू वाढत गेला. चालकाला घाई करून चालणार नव्हते. जड गिअरवर सायकलस्वाराला एकदम वेग घेता येत नाही आणि तो आडोशाबाहेर पडला, तर वाऱ्याचा तडाखा भिंतीसारखा अंगावर येतो. मेफ्रे यांच्या नजरेसमोर रस्ता नव्हता, होता तो केवळ पडदा. मोजणीचा एक किलोमीटर त्यांनी १७.५८ सेकंदांत पार केला. हा वेग होता ताशी २०४.७७८ किलोमीटर! त्या वेळी त्यांचे पाय मिनिटाला सुमारे १९० फेऱ्या घेत होते.

हा वेग मोटारीचा म्हणायचा की माणसाचा, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. मोटारीने हवा बाजूला सारली, हे खरे. पण सायकलला तिने ओढले नाही. त्या किलोमीटरभर मागचे चाक मेफ्रे यांच्याच पायांनी फिरविले. लांबीने सर्वांत लहान पण धोक्याने सर्वांत मोठी अशी ही शर्यत होती, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

पुढे त्यांनी आपले अनुभव एका पुस्तकात मांडले. ‘मृत्यूशी माझ्या भेटी’ अशा अर्थाचे नाव त्यांनी त्याला दिले. त्यांचा विक्रम अकरा वर्षे टिकला. १९७३ साली अ‍ॅलन अ‍ॅबट यांनी अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी २२३ किलोमीटरचा वेग गाठून तो मागे टाकला. नंतरच्या विक्रमवीरांनी एका अवाढव्य चेनव्हीलऐवजी दोन टप्प्यांत वेग वाढविणाऱ्या दोन साखळ्या वापरल्या. त्यामुळे सायकलचा आकार पुन्हा आटोपशीर झाला. मेफ्रे यांचे निधन १९८३ साली झाले. खिशातील त्या चिठ्ठीची गरज मात्र कधीच पडली नाही.