अर्धवट कामांचा धनी

फ्लॉरेन्सजवळच्या एका मठाने १४८१ मध्ये एका तरुण चित्रकाराला मोठे धार्मिक चित्र सांगितले. मुदत जास्तीत जास्त ३० महिन्यांची. त्याने रेखाटन केले, छाया भरल्या आणि काम तसेच टाकून तो मिलानला निघून गेला. अखेर मठाने दुसऱ्याकडून चित्र करून घेतले. काम अर्धवट टाकणारा तो चित्रकार म्हणजे लिओनार्दो दा विंची.

मिलानमध्ये 'द लास्ट सपर' रंगवताना तो कधी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तहानभूक विसरून काम करी, तर कधी दिवसचे दिवस कुंचल्याला हात लावत नसे. ओल्या गिलाव्यावर झटपट रंगवावे लागते. ते त्याच्या स्वभावाला मानवणारे नव्हते, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवले. त्याच्या हयातीतच त्या चित्राचे पोपडे निघू लागले. पुढे फ्लॉरेन्समधले युद्धचित्रही अपुरे राहिले.

सर्वांत मोठे नुकसान वैद्यकाचे झाले. त्याने अनेक शवांचे विच्छेदन केले. हृदयाच्या झडपांमागे रक्ताचे भोवरे होतात, हे त्याने ओळखले होते. पण शरीररचनेचा ग्रंथ कधी पुरा झाला नाही आणि ते ज्ञान कित्येक पिढ्या वह्यांतच पडून राहिले.

२०१९ मध्ये दोन संशोधकांनी 'ब्रेन' या नियतकालिकात या वागण्यामागे एडीएचडी असावा, असे मांडले. पाचशे वर्षांनी खात्रीचे निदान करता येत नाही, हे खरे. मात्र लक्षणांचे चित्र ओळखीचे आहे. एडीएचडीत लक्ष नसते असे नाही, ते हवे तिथे वळवणे आणि टिकवणे अवघड जाते. आवडीच्या कामात माणूस बुडून जातो, रटाळ काम पुढे ढकलतो. मग मुदती चुकतात, वरिष्ठांची बोलणी बसतात, नोकऱ्या बदलत राहतात आणि आपणच नालायक, असे वाटू लागते.

१५१६ मध्ये फ्रान्सच्या राजाने लिओनार्दोला घर आणि वार्षिक वेतन दिले, कामाचा तगादा लावला नाही. १५१९ मध्ये ६७ व्या वर्षी तो तिथेच वारला.

असा राजा सर्वांना भेटत नाही. आज मात्र औषधे आहेत, समुपदेशन आहे, कामाचे लहान टप्पे पाडण्याच्या पद्धती आहेत. लहानपणापासून हा त्रास असेल आणि त्यामुळे नोकरी टिकत नसेल, तर स्वतःला आळशी ठरवण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.