श्रीगाडगे महाराज : दारूनें मोडलेल्या घरांतील मुलगा

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना त्यांच्या कुळाच्या गौरवापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. श्रीगाडगे महाराजांच्या चरित्राचा आरंभ मात्र एका मद्यपी पित्यापासून करावा लागतो. कारण महाराजांनीं पुढें जें जें केलें, त्याचें मूळ त्या मोडलेल्या घरांत आहे असें आम्हांस वाटतें.

वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जीनजीक शेंडगांव म्हणून एक खेडें आहे. तेथें ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं झिंगराजी जानोरकर या परिटाच्या घरीं एक पुत्र जन्मास आला. त्याचें नांव डेबूजी; आईचें नांव सखूबाई. त्या काळीं कित्येक जातींत देवास बोकड कापावयाचा, देवापुढें दारू ठेवावयाची आणि मग ती प्रसाद म्हणून सर्वांनीं घ्यावयाची अशी रूढि होती. नवस असो, बारसें असो, लग्न असो, तिच्यावांचून कार्य पुरें झालें असें कोणी मानीत नसे. ज्या वस्तूस देवाचा आणि जातीचा असा दुहेरी आधार, तिला नको म्हणण्याचें धैर्य सामान्य माणसानें कोठून आणावें? अशा व्यसनाची चाल सर्वत्र सारखीच असते. आरंभीं सणावारीं, पुढें बाजाराच्या दिवशीं, आणि शेवटीं निमित्त शोधण्याचेंहि कारण उरत नाहीं. झिंगराजीचें तसेंच झालें. घरांतील होतें नव्हतें तें गेलें, शरीर खंगलें, आणि १८८४ सालीं तो मरण पावला. शेवटच्या दुखण्यांत त्यास पश्चात्ताप झाला व मुलास या मार्गापासून दूर ठेवण्याविषयीं त्यानें पत्नीस विनविलें, असें चरित्रकार सांगतात. डेबू तेव्हां आठ वर्षांचा होता.

विधवा सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें या गांवीं माहेरीं आली. तेथें पूर्णा नदीच्या कांठीं मामाचीं गुरें वळण्यांत डेबूचें बाळपण गेलें. शाळेचें तोंड त्यानें पाहिलें नाहीं. पण नांगर, वखर, पेरणी, निंदणी यांत तो इतका तयार झाला कीं मामाची शेती त्याच्याच हातावर चालूं लागली. भजनाचा नाद त्यास येथेंच लागला.

मात्र दुसरें एक संकट दबा धरून बसलें होतें. मामा चंद्रभानजी सावकाराच्या पाशांत सांपडला. कागदावर काय लिहिलें आहे तें वाचतां येत नाहीं, अंगठा मात्र उठवितां येतो, अशा कुणब्याचें जें होतें तें त्याचें झालें. जमीन गेली आणि त्या धसक्यानें तोहि गेला. सावकाराचीं माणसें शेताचा ताबा घ्यावयास आलीं तेव्हां तरुण डेबूजी औत सोडून त्यांस आडवा झाला, ही गोष्ट वऱ्हाडांत अद्यापि सांगितली जाते. दारू आणि कर्ज या दोहोंनीं आपलीं दोन घरें खाल्लीं, एक बापाचें व एक मामाचें, ही खूण त्याच्या मनांत कायमची राहिली. पुढें त्यांच्या कीर्तनांत हे दोन विषय कधींहि वेगळे आले नाहींत.

१८९२ सालीं डेबूजीचा विवाह कुंताबाईशीं झाला, आणि कांहीं काळानें त्यांस कन्या झाली. येथें जो प्रसंग घडला तो आम्हांस त्यांच्या साऱ्या आयुष्यांत अधिक महत्त्वाचा वाटतो. बारशास जातभाई जमले. रूढीप्रमाणें मटण आणि दारू यांची त्यांस अपेक्षा होती. ती न देणें म्हणजे केवळ कृपणपणा नव्हे, तर पंचांचा अपमान. आणि जातीनें पाठ फिरविली तर लग्नकार्यास कोणी उभें राहावयाचें नाहीं, मढ्यास खांदा मिळावयाचा नाहीं. घरांत वडील माणसें भ्यालीं असतील तर त्यांत नवल काय? डेबूजीनें मात्र पंक्तींत गोड जेवण वाढविलें आणि दारूचा थेंब येऊं दिला नाहीं. जमलेले लोक कुरकुरले, रागावले. परंतु तो बधला नाहीं. अरण्यांत जाऊन दारू सोडणें सोपें आहे; आपल्याच अंगणांत, आपल्याच माणसांसमोर, आनंदाच्या दिवशीं ती नाकारणें कठीण. ज्यांस व्यसनांतून बाहेर यावयाचें असतें, त्यांची खरी परीक्षा अशाच पंक्तींत होते. त्या दिवशीं त्या पाहुण्यांस एक गोष्ट डोळ्यांनीं दिसली, कीं दारूवांचूनहि बारसें होतें, पोरीस नांव मिळतें आणि लोक पोटभर जेवून घरीं जातात.

ता. १ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. कुंताबाई, मुलेंबाळें आणि वृद्ध माता मागें राहिलीं. या त्यागाची स्तुति करतांना त्या माउलींचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पण ज्या सखूबाईनें दारूपायीं नवरा गमावला, तिनें वैराग्यापायीं मुलगाहि गमावला, हें विसरून चालणार नाहीं. आम्ही तरी तें हिशेबांतून गाळूं शकत नाहीं.

पुढचीं बारा वर्षें भ्रमंतीचीं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातांत काठी, पाणी पिण्यास व भाकरी मागण्यास एक फुटकें गाडगें. त्यावरूनच लोकांनीं त्यांस गाडगे महाराज म्हटलें. गांवांत शिरतांच ते खराटा मागून घेत आणि रस्ते झाडूं लागत. कोणी वेडा म्हणे, कोणी भाकरीचा तुकडा देई. सायंकाळीं झाडलेल्या त्याच जागेवर कीर्तन उभें राही. तें शास्त्री-पंडितांचें कीर्तन नव्हे. महाराज वऱ्हाडी बोलींत प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर घेत. दिवसाची मजुरी किती, दारूस किती जाते, घरीं काय पोंचतें, मुलाची पाटी-लेखणी केवढ्यास येते, असा उघड हिशेब हजारों लोकांदेखत मांडला जाई. पिणारा खालीं मान घाली, पण त्यास कोणी शिवी देत नसे. बोकडाचा बळी देऊं नका, ऋण काढून सण करूं नका, मुलांस शाळेंत घाला, हीं सर्व उपदेशाचीं सूत्रें त्या एका हिशेबांतूनच निघत.

आतां एक स्पष्ट सांगितलें पाहिजे. व्यसन हें केवळ मनाचें दौर्बल्य नसून रोग आहे, हें आज वैद्यकानें मान्य केलें आहे. वर्षानुवर्षें पिणाऱ्यानें दारू एकाएकीं सोडली तर हातपाय कांपतात, भ्रम होतो, क्वचित् प्राणावरहि बेततें. तेथें कीर्तन पुरें पडत नाहीं, डॉक्टरच लागतो. परंतु दारू सुटल्यावर जो रिकामा वेळ उरतो, त्याचें काय करावयाचें, हा प्रश्न औषधानें सुटत नाहीं. १९३५ सालीं अमेरिकेंत बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोघां मद्यपींनीं एकमेकांच्या आधारें दारू सोडून जी संघटना उभारली, तिचा पाया हाच, कीं एकट्यानें न झगडतां सोबत्यांत बसावें आणि दुसऱ्यास हात द्यावा. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट व अनिल अवचट यांनीं सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रांतहि रोग्याबरोबर त्याच्या घरच्या माणसांचा विचार होतो. महाराजांस यांतलें कांहीं ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तरी सकाळीं हातांत खराटा आणि सायंकाळीं भजनाची बैठक देऊन त्यांनीं तोच रिकामा वेळ भरून काढला.

आमच्या साकीनाक्याच्या आसपास गांव सोडून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. कारखान्यांतून थकून येणाऱ्यास संध्याकाळीं कोठें बसावें हा प्रश्न येथेंहि आहे, आणि त्याचें उत्तर गुत्तेवाला फार लवकर देतो. १९५० पासून मुंबईंत दारूबंदी झाली तेव्हां उपनगरांतल्या हातभट्ट्या बंद न पडतां उलट फोफावल्या. विषारी दारूनें विक्रोळीस २००४ सालीं ऐंशींहून अधिक आणि मालवणीस २०१५ सालीं शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील प्रत्येकाच्या घरीं एखादा आठ वर्षांचा डेबू असेल काय, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

महाराजांनीं लोकांच्या पैशानें जें बांधलें तें सर्व दुसऱ्यांसाठीं. पंढरपुरास ज्यांना कोणी ओसरीवर टेकूं देत नसे अशा अस्पृश्य वारकऱ्यांसाठीं त्यांनीं चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ सालीं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी येथेंहि धर्मशाळा झाल्या. शाळा, वसतिगृहें, गोरक्षणें झालीं. यांपैकीं एकाहि ठिकाणीं त्यांनीं स्वतःच्या कुटुंबास मालकी दिली नाहीं. एकुलता राहिलेला मुलगा गोविंद वारल्याची बातमी कीर्तन चालू असतां आली, तरी त्यांनीं कीर्तन थांबविलें नाहीं.

ता. ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं वांद्रें येथें, पोलीस ठाण्याच्या आवारांत, त्यांचें कीर्तन झालें. ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज. तरी प्रश्नोत्तरांचा ओघ तोच. सुदैवानें तें ध्वनिमुद्रित झालें असून आजहि ऐकावयास मिळतें. त्यानंतर दीड महिन्याच्या आंत, ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं, अमरावतीकडे जात असतां वलगांवनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ मोटारींतच त्यांचा देह पडला. अमरावतीस जेथें त्यांची समाधि आहे त्या भागास आतां गाडगेनगर म्हणतात. आणि मुंबईस दादर येथें त्यांच्या नांवाच्या धर्मशाळेंत, टाटा रुग्णालयांत उपचारासाठीं परगांवाहून आलेले कर्करोगी व त्यांचे नातेवाईक आजहि उतरतात.